सान्वीच्या भारंभार गूळ

नवस बोलताना माणसाने दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, हळू बोलावं. दोन, शेजारी बायको उभी नाही ना, ते बघून घ्यावं. मी दोन्हींत चुकलो.

सान्वी ही माझी नात, माझ्या मुलाची, सुदेशची लेक. ती जन्माला आली तीच दोन महिने आधी. आमच्या घरात इतकी घाई आजवर कुणी कशाची केलेली नाही. कल्याणच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलेलं. वजन पावणेदोन किलो. मी काचेबाहेर उभा. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून जोडले, आणि जोडलेच आहेत तर म्हटलं, "आई गावदेवी, पोर धडपणे घरी येऊ दे. तिच्या भारंभार गूळ देईन." आता खरं सांगायचं तर बोलताना पावणेदोन किलो हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. माझी समजूत, देवीच्याही असणार.

पोर घरी आली. पहिल्या वर्षी ती फार लहान होती, दुसऱ्या वर्षी जत्रेच्या तोंडावर माझा गुडघा गेला, तिसऱ्या वर्षी मी सरळ विसरलो. देवी काही बोलली नाही. पण नवस बोलताना मागे माझी बायको गंगुबाई उभी होती, आणि ती देवीपेक्षा जागृत आहे.

यंदा माघात सुदेशने जेवताना सांगितलं की माजिवड्याचा फ्लॅट मेमध्ये ताब्यात येतोय, शाळाही तिथलीच घेतलीय, जूनपासून तिकडे. शिवानी, म्हणजे आमची सून, ताटाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "चांगलंय की." आणि भातावर दोनदा मीठ घेतलं.

गंगुबाई म्हणाली, "मंग चैताच्या जत्रंला देवीचं देऊन टाका. पोर गावाभायेर जाते. देनं ठेवून नाय जायाचं. मना नाय चालनार."

"देऊ की," मी म्हटलं. "किती झालं असेल तिचं वजन?"

"चौदा किलो," शिवानी म्हणाली.

माझ्या घशात घास अडकला. गंगुबाईने पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "तवाच दिला असता तं दोन ढेपांत भागलं असतं."

आता ही चौदा किलो पोर कशी झाली, ते सांगायला पाहिजे, कारण त्यात सगळ्या नातेवाइकांचा हात आहे.

गंगुबाईचं प्रेम तोंडावाटे आत जातं. पोर रडली की भूक, हसली की भूक, झोपली की भुकेने ग्लानी आली. टिटवाळ्याहून दर रविवारी गुणाजीराव येतात. ते शिवानीचे वडील, माझे व्याही, घरात सगळ्यांचे नाना. मूळचे कोकणातले, सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं कारकून. त्यांचं प्रेम मोजून येतं. डबीत सात भिजवलेले बदाम, सोललेले. सान्वीने सहा खाल्ले तर ते डबीच्या झाकणात बघतात, मग तिच्या मुठीत, मग माझ्याकडे. माझी मुलगी जया माजिवड्याला असते. ती फ्रॉक आणते. सगळे दोन वर्षांनी येतील असे. घातला की पोर त्यात सापडत नाही. मग जया फोटो काढते आणि पाठवते, "आत्याची परी." फोटोत परी दिसत नाही, फ्रॉक दिसतो. शिवानी स्वतः डब्यांवरची लेबलं वाचते आणि प्रेमापोटी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणते.

माझं म्हणाल तर मी काही देत नाही. मी तिला लिफ्टमध्ये फिरवतो.

आमची भातशेती होती तिथे आता टॉवर आहे, आणि आम्ही त्याच्या चौदाव्या मजल्यावर राहतो. ज्या बांधावर मी चिखलात घसरायचो, त्याच जागेवर सान्वी बटण दाबते आणि ओरडते, "चौदा!" आम्ही वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. वाटेत लोक चढतात, उतरतात, आमच्याकडे बघतात. गेल्या वर्षी सोसायटीने फळ्यावर सूचना लावली. अक्षरं मी पन्नाशीनंतर शिकलो, त्यामुळे भिंतीवर चिकटलेलं काहीही वाचल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सूचना अशी होती: "लिफ्ट हे खेळण्याचे साधन नाही. पालकांनी आपल्या घरातील मुलांना व ज्येष्ठ नागरिकांना समज द्यावी." नाव लिहिलं नव्हतं. पण वाचणारा प्रत्येक जण माझ्याकडे वळून बघत होता.

त्यानंतर आम्ही लिफ्ट घरात आणली. मी उकिडवा बसतो, सान्वी माझ्या पाठीवर, माझं नाक हे बटण. नाक दाबलं की मी उठतो. दोनदा दाबलं की खाली. गुडघा ज्या दिवशी कुरकुरतो त्या दिवशी लिफ्ट मेंटेनन्सला असते.

तर नवस. मला वाटलेलं, गूळ घ्यायचा, पोर घ्यायची, देवळात जायचं, अर्ध्या तासाचं काम. पण घरात बातमी फुटली आणि रविवारी पंचायत बसली.

गुणाजीराव म्हणाले, "राघोशेठ, मुळात प्रश्न असा आहे की कोणते वजन ग्राह्य धरावे? माझ्या मते नवसाच्या तारखेचे. पावणेदोन किलो. मागाहून झालेली वाढ त्यात धरता येत नाही."

मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला.

"नाना, देवीला काय फाइल दावनार काय?" गंगुबाईने स्वयंपाकघरातून विचारलं. प्रश्न तिथेच मिटला.

"बरे, मग गूळच का? गुळाने दात किडतात."

"कुणाचे?" मी विचारलं. "देवीचे?"

"बदाम द्यावेत," ते म्हणाले. जयाचं म्हणणं, आजकाल वह्यापेन्सिलींची तुला करतात, फोटो छान येतात. शिवानी म्हणाली, काहीही करा, पण तिला जबरदस्तीने बसवू नका, तिच्या मनावर परिणाम होतो.  गंगुबाईने त्या दिवसापासून पोरीच्या भातावर तुपाची धार वाढवली. मी विचारलं तर म्हणते, "देवीला कमी नको जायाला." शिवानी तिकडे तूप निथळून काढायची. एकाच ताटावर दोन बाया एकमेकींकडे न बघता काम करत होत्या.

मी एकच हट्ट धरला. तुला करायची तर माझ्या बापाच्या तागडीवर. माझा बाप मिठागरात तोलाईला होता. आठ फूट लाकडी दांडी, दोरखंडाने टांगलेली दोन मोठी पारडी. एका पारड्यात मिठाची दोन पोती मावायची. लहानपणी तो मला कधीतरी वजनांच्या जागी बसवायचा आणि मुकादमाला सांगायचा, "ह्यो आमचा सवा मणाचा राघो." सवा मण मी कधीच नव्हतो. पण बापाने आयुष्यात माझं केलेलं कौतुक ते तेवढंच.

तागडी होती माझ्या बहिणीकडे, शहाडला. आवडाबाईने एक पारडं पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलेलं, दुसऱ्यात तुळशी, ओवा, कोरफड असा बगीचा केलेला, आणि दांडीवर वाल सोडलेला. वालाला शेंगा होत्या.

"शेंगा काढीस्तोवर थांब," ती म्हणाली.

"अगं, जत्रा आलीय."

"मंग मीपन येते. मनाबी भाचीच्या पोरीला खन घ्यायचाय." भाची नव्हे, भाच्याची पोर, पण वालावरून आधीच दुखावलेल्या बाईला दुरुस्त करायची माझी हिंमत झाली नाही.

टेम्पोतून तागडी आणली. लिफ्टमध्ये दांडी बसेना. तिरकी घातली, उभी घातली, दार लागेना. सेक्रेटरी आले, दांडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "काका, आता हे काय नवीन?" शेवटी ती तळमजल्यावर मीटरच्या खोलीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना: "कोणीही सामायिक जागेत तराजू ठेवू नये." मला वाटतं, अशी सूचना लिहिणारी आमची सोसायटी ठाणे जिल्ह्यात पहिलीच असेल.

मग देवस्थानचा ट्रस्ट. आमच्या लहानपणी देऊळ म्हणजे चार खांब आणि नाथा भगताचा बाप. आता ऑफिस आहे, पंखा आहे आणि प्रितम आहे. प्रितम आमच्या भावकीतला, वय पंचवीस, कानात सतत काहीतरी घातलेलं.

"काका, तुलेचा फॉर्म भरावा लागेल," तो म्हणाला. "पोरीचं आधार, जन्मदाखला, आणि डॉक्टरचा वजनाचा दाखला. सात दिवसांच्या आतला."

"अरे, वजन तर तिथंच करायचंय ना? मग दाखला कशाला?"

"टॅली करायला. गेल्या साली एकाने मुलाच्या खिशात दगड टाकलेले. भाव मारायला."

"आणि तागडी माझी आणणार."

"नाय काका. रूल आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावरच. तुमच्या तागडीवर शिक्का कुठाय?"

मी त्याला सांगितलं की त्या तागडीवर अख्ख्या खाडीचं मीठ तोललं गेलंय. त्याने कानातलं काढलं, "काय म्हणालात?" विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं नाही. काही गोष्टी दुसऱ्यांदा सांगितल्या की लहान होतात.

डॉक्टरबाईंकडे गेलो. वजन चौदा किलो दोनशे. "दाखला कशासाठी? शाळेसाठी?" त्यांनी विचारलं. "देवीसाठी," मी म्हटलं. त्यांनी बराच वेळ पेन वर धरलं आणि मग लिहिलं, "सदर बालिका तुलेसाठी सक्षम आहे." गुणाजीरावांनी तो दाखला वाचून मान डोलावली आणि त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. का, ते विचारू नका. त्यांचं प्रेमच तीन प्रतींत असतं.

जत्रेचा दिवस. सान्वीला जयाने आणलेला परकर-पोलका. पोलक्यात दुसरी सान्वी मावली असती. आवडाबाई खण घेऊन, गुणाजीराव बदामाची पिशवी घेऊन. मी गूळ पंधरा किलो घेतलेला, आणि टेम्पोत तागडीही टाकलेली. प्रितमने बघितली. मी म्हटलं, "नुसती हवा खायला आणलीय."

सभामंडपात इलेक्ट्रॉनिक काटा. त्यावर नाथा भगत हळद वाहत होता. भगत म्हणजे देवीचा पुजारी. देवीच्या कारभारात त्याचा शब्द शेवटचा. सान्वीला काट्यावर ठेवलं. आकडे पळू लागले: बारा, सोळा, नऊ. "हलू नको गं," प्रितम म्हणाला. पोर आणखी हलली. तेवढ्यात बाहेर डीजेवाल्याने मोठा आवाज लावला, मंडपातली वीज गेली आणि काट्यावरचा आकडाही गेला. बॅटरी चार्ज केली नव्हती. रूल होता, चार्जिंग नव्हतं.

 मी टेम्पोकडे बघितलं.

"आणा," नाथा भगत म्हणाला. "माझ्या बापाने ह्याच्याच बापाच्या तागडीवर तुला केल्यात."

गर्डरला तागडी टांगली. वालाचं एक वाळकं पान अजून दांडीला होतं. एका पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवल्या. दुसऱ्यात सान्वी बसवली, आणि सान्वीने असा सूर लावला की डीजेवाल्याने आवाज कमी केला.

मग प्रत्येकाने आपापलं प्रेम बाहेर काढलं. गंगुबाईने लाडू दाखवला. जयाने मोबाइलवर कार्टून लावलं. गुणाजीराव म्हणाले, "सान्वी, आपण शहाणे आहोत ना? एक ते दहा म्हणू या." सुदेश म्हणाला, "बस नाहीतर पोलिसकाका येतील." शिवानी म्हणाली, "तिला वेळ द्या रे सगळे, प्लीज." आवडाबाईने तिच्या डोक्यावर खण टाकला, त्यामुळे पोरीला दिसेनासं झालं.

खणाखालून आवाज आला, "आजोबा पन."

"बसा ओ घटकाभर," गंगुबाई म्हणाली. "मंग हळूच उतरा."

मी चपला काढल्या आणि पारड्यात मांडी घातली. पोर गप्प झाली, माझ्या मांडीत आली. मी उतरायला एक पाय बाहेर काढणार, तेवढ्यात नाथा भगताने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आरोळी ठोकली. ढोल सुरू झाला.

"नाथा, मी दाखवायला बसलेलो रे!"

"बसला तो भार," नाथा म्हणाला. "आता समतोल झाल्याबिगर उतरलास तं नवस फिसकटला."

माझं वजन एकाहत्तर किलो. सान्वीसकट आमचं पारडं जमिनीला चिकटलेलं. समोर पंधरा किलो गूळ गर्डरला टेकलेला, तिथून आमची गंमत बघत होता.

"अजून गूळ आना," गंगुबाई म्हणाली. सुदेश धावत बाजारात गेला. जत्रेत नारळ, फुगे, भजी, टॅटू, सगळं होतं. गूळ दीड किलो मिळाला. जमलेल्या लोकांनी सल्ले सुरू केले. एक म्हणाला, काकांनी श्वास सोडावा. एक म्हणाला, काकांना अर्धं धरा. प्रितम फॉर्म हातात घेऊन म्हणाला, "काका, दाखल्यावर चौदा आहे, हे टॅली होणार नाय."

जयाने हातातली बॅग समोरच्या पारड्यात टाकली. "पारड्यात पडेल ते देवीचं," नाथाने आठवण केली. जयाने बॅग इतक्या वेगाने काढली की पारड्याने झोका घेतला. गुणाजीरावांनी बदामाची पिशवी ठेवली. काढली नाही. पण बदामांनी काय होतंय?

दहा मिनिटं झाली. माझ्या गुडघ्याला कळ लागलेली. सगळं गाव माझ्याभोवती, आणि मी पोत्यासारखा जमिनीवर. बापाने मला ह्याच पारड्यात बसवून सवा मणाचा म्हटलेलं; आज खरोखर त्याहून जास्त भरत होतो तर कुणाला कौतुक नव्हतं. सान्वीने माझं नाक दाबलं. "आजोबा, चौदा."

"लिफ्ट बंद आहे बाळा."

तिने पुन्हा दाबलं. "चौदा!" मग तिचा ओठ खाली वळला. माजिवड्याला जायच्या आधी पोरीने माझ्याकडे मागितलेलं हे एक मागणं, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. मी वर गर्डरकडे बघत बसलो.

तेव्हा गुणाजीराव पुढे आले. त्यांनी बूट काढले. मोजे काढून बुटात ठेवले, उजवा उजव्यात, डावा डाव्यात. चष्मा घडी करून शिवानीकडे दिला. मग रुमाल काढला, समोरच्या पारड्यात पसरला, आणि चौघा पोरांनी वर उचलून धरल्यावर हा पस्तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलेला माणूस गुळाच्या ढेपांमध्ये मांडी घालून बसला.

"राघोशेठ," ते डोळे मिटून म्हणाले, "माझे सत्तर आहे. अंदाजे."

पोरांनी हात सोडले. दांडी कुरकुरली, दोरखंड ताणला आणि आम्ही उचललो गेलो. बोटभर, वीतभर, हातभर. सान्वीने किंकाळी फोडली, ह्या खेपेची आनंदाची. "लिफ्ट! नाना लिफ्टमधे!" मी वर, गुणाजीराव खाली. तिने नाक दाबलं, मी खाली, गुणाजीराव वर. ते प्रत्येक वेळी गर्डरकडे बघून म्हणत, "सावकाश. सावकाश." दोरखंड एकदा कडकन वाजला. गंगुबाईने डोळे गच्च मिटले, हात जोडले, आणि तिचे ओठ हलताना मी दुरून पाहिले. मग दांडी आडवी स्थिरावली. दोन म्हातारे समोरासमोर लटकलेले, मध्ये पोर एकेकाकडे बघून हसतेय.

"पुरं!" नाथा ओरडला.

अडचण उतरल्यावर आली. पारड्यात पडेल ते देवीचं, हा नियम नाथा सोडायला तयार नव्हता. गुणाजीराव घामाघूम. "मी सेवानिवृत्त कर्मचारी आहे. मला असे परस्पर अर्पण करता येत नाही." अर्धा तास चर्चा झाली. शेवटी एक नारळ देवीला देऊन व्याह्यांना सोडवून घेतलं. एकच नारळ, ह्याचं त्यांना वाईट वाटलेलं अजून गेलेलं नाही. प्रितमने पावती फाडली. मी ती तिथेच उभ्याउभ्या, बोट ठेवून वाचली: "गूळ साडेसोळा किलो, बदाम एक पिशवी, व्याही एक नग (परत)." गुणाजीरावांनी तिची झेरॉक्स मागितली.

घरी येताना टेम्पोत सान्वी माझ्या मांडीवर झोपलेली, तोंडाला गूळ. शिवानीने बघितला. पुसला नाही.

मी गंगुबाईला विचारलं, "दोर वाजला तेव्हा काय पुटपुटत होतीस?"

"काय नाय."

"गंगे."

"नवस बोलले," ती म्हणाली. "दोघांना सुखरूप उतरू दे. म्हनजे तुमी आनि ती. दोघांच्या भारंभार गूळ देईन म्हनलं. पुढच्या चैताला."

"पंच्याऐंशी किलो?"

"तवर पोर वाढंल. नव्वद धरा."

"अगं, पण पोर माजिवड्याला असेल."

"मंग?" तिने सान्वीच्या पायातला घसरलेला पैंजण वर सरकवला. "तिला आनल्याबिगर तुला व्हतेय काय? यायलाच लागंल तिला."

 चाळीस वर्षांत ही बाई किती शिकलीय आणि मला पत्ता नाही.

"आनि ह्या खेपेला," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी हव्या तितक्या सालांनी फेडा. मी काय बोलनार नाय. दरसाल पोर येईल, आपन दरसाल म्हनू, यंदा गुडघा दुखतो."